वच्छीला अडखळत वाचता येईना

पुस्तक तळहातावर ठेवून त्याचं वजन करणारी वाचक मी आयुष्यात एकच पाहिली. ती म्हणजे वच्छी.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी वडनेर भोलजीच्या मुलींच्या शाळेत शिकवायला होते आणि गावचं वाचनालय माझ्या गळ्यात पडलेलं होतं. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट. त्याचं दार उघडायला लाथ लागे आणि लावायला खांदा. 'बाई शिकलेल्या आहेत' एवढ्या एका गुन्ह्याबद्दल त्याची चावी माझ्याकडे देण्यात आली होती. शाळा सुटली की तासभर मी तिथं बसायची. पुरुषमंडळी वर्तमानपत्रातले कापसाचे भाव बघून, दोन शिंका देऊन निघून जात. बायका येत नसत. अपवाद वच्छीचा.

वच्छी, म्हणजे वत्सला, किसन माळ्याची मोठी मुलगी. माझ्याच हाताखाली सातवी झाली आणि रीतीप्रमाणे तिची शाळा सुटली. वाचन मात्र सुटलं नाही. सकाळी भाजीची पाटी घेऊन ती गावभर फिरे आणि संध्याकाळी रिकामी पाटी बगलेत मारून माझ्यासमोर उभी राही. मी पुस्तक पुढे केलं की ती ते तळहातावर तोलायची. भाजीवालीच्या हाताला वजन कळतं, ताजव्याची गरज नसते.

"हे दोन दिवसाचं हाये बाई," ती सांगायची. "जाडं द्या. चार दिवस पुरन असं."

पुस्तक कुणी लिहिलं, कशावर लिहिलं, हे तिच्या लेखी गौण होतं. किती पुरेल तेवढं महत्त्वाचं. मुखपृष्ठापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत सगळं वाचून काढायची. "छापखान्याचा पत्ता कशाला वाचतेस गं?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "त्यायनं छापला तर कोनीतरी वाचाले पायजे ना."

खुणेसाठी पान दुमडणं तिला पाप वाटे. ती हाताला लागेल ते मध्ये घालायची. त्यामुळे तिनं परत केलेलं पुस्तक झटकलं की हंगाम कळायचा. मेथीची काडी पडली की थंडी आली समजावं, कपाशीचं पान पडलं की वेचणी जवळ आली. एकदा एक हिरवीगार अळी निघाली, जिवंत. मी किंचाळले. वच्छीनं ती चिमटीत धरली, खिडकीबाहेर सोडली आणि मलाच समजावलं, "ते खुणीची नव्हती बाई, तिच्या मनानं आली."

पहिलं वर्षभर तिनं राजे, राण्या आणि राक्षस वाचले. कपाटाचा खालचा कप्पा तिनं असा फस्त केला, की तिथं पुढे मी खडूचे खोके ठेवू लागले. पण माणूस ज्याच्यावर जगतो त्याचाच त्याला एक दिवस कंटाळा येतो. एका संध्याकाळी ती पुस्तक टेबलावर ठेवून फणकारली, "बाई, हरेक राक्षस आपला जीव पोपटातच काऊन ठेवते? चार झाले मेले पोपटापायी, तरी पाचव्याले अक्कल नाही. घुबडात ठेवा ना. घुबडाले कोन पकडाले जाते?"

राक्षसांशी तिचं नातं तिथं संपलं आणि ती खुनाकडे वळली.

रहस्यकथांच्या काळात वच्छी गावातल्या प्रत्येकाकडे संशयानं बघायची. भाजी घेताना जो घासाघीस करत नाही तो माणूस काहीतरी लपवतो आहे, असा तिचा सिद्धान्त होता. त्याच दिवसांत एका कादंबरीची शेवटची आठ पानं गायब निघाली. खून झालेला, बारा जणांवर संशय घेऊन झालेला, आणि सांगायच्या वेळेला पानंच नाहीत! मी म्हटलं, जाऊ दे. तिला ते जाऊ देणं शक्यच नव्हतं. तिनं ते पुस्तक उजेडात धरून पानन् पान तपासलं. एका पानाच्या कोपऱ्यावर चुन्याचं बोट उमटलं होतं, शिवणीत तंबाखूचा भुगा होता. वाचनालयाच्या खोलीची झाडलोट करणारा पंचायतीचा शिपाई महादू पुड्या कशात बांधतो हे बघायला ती सरळ त्याच्या घरी गेली. मागोमाग मीही, कारण हिनं त्या म्हाताऱ्याला बेड्या घातल्या असत्या तरी मला नवल वाटलं नसतं.

महादूनं लगेच कबुली दिली. "कागद मऊ होता बाई," म्हणाला.

"कागद राहू दे काका," वच्छी त्याच्यासमोर फतकल मारून बसली. "खून कोनं केला थे सांग."

महादूला अक्षर ओळखीचं नव्हतं. वच्छी आठ दिवस सुतकात असल्यासारखी फिरत होती.

तिचा बाप किसन हा सरळ माणूस. तो मोट हाकी आणि वच्छी खाली वाफ्यांना पाणी फिरवी. एक वाफा भरला की फावड्यानं माती ओढायची आणि पाण्याचं तोंड पुढच्या वाफ्याकडे वळवायचं, एवढंच काम. वच्छी एका हातात फावडं आणि एका हातात पुस्तक धरून ते करी. पुस्तक रंगलं की वाफ्याची आठवण राहत नसे. एकदा किसन वाचनालयात आला. यापूर्वी तो कधी त्या दारात फिरकला नव्हता. टोपी हातात घेऊन उभाच राहिला.

"बाई, एक अर्ज होता. या पोरीले जरा बेचव पुस्तक द्या ना."

"बेचव?"

"हाव. मी वाचू नको म्हनत नाही. पन असं पायजे, का वाफा भरेपर्यंत वाचता आलं अन् वाफा भरला का सोडता आलं. मागच्या पुस्तकात माहे सगळे वांगे बुडाले."

एवढा समंजस टीकाकार मी पुढेही पाहिला नाही. मी कपाट धुंडाळून वरच्या कप्प्यातला एक ठोकळा काढला. सुखी गृहिणीनं घर कसं चालवावं, यावर कुण्या शहरातल्या बाईंनी लिहिलेला. विकत घेतल्यापासून त्याला कुणाचा हात लागला नव्हता. वच्छीनं तो तोलला आणि "सा दिवस!" म्हणून आनंदानं घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी किसन पुन्हा दारात.

"बाई," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "मिरच्या बुडाल्या."

झालं असं होतं, की वच्छीचं त्या लेखिकेशी भांडण लागलं होतं. "ह्या बाईले घरात दोन मोलकरनी, एक गडी," ती मला तावातावानं सांगू लागली, "अन् पानोपानी म्हनते, गृहिणीच्या जिवाले किती कष्ट! करते काय थे? फुलं लावते! म्या म्हटलं पाहू, पुढं तरी कुठी हात हालवते का. म्हनून वाचत गेली." त्यानंतर किसननं माझ्याकडून पुस्तकं मागवण्याचा नाद सोडला आणि पाणी फिरवायला धाकट्या मुलाला उभं केलं.

एव्हाना मला तिची रुची सुधारण्याची खुमखुमी आली होती. मी बी. ए. झालेली, चिखलीसारख्या तालुक्याच्या गावची. आपल्याला चांगलं-वाईट कळतं असा माझा पक्का समज होता. मी तिला माझा स्वतःचा, जपून ठेवलेला एक कवितासंग्रह दिला. दोन दिवसांनी तिनं तो परत आणला, अगदी अदबीनं.

"चांगला हाये बाई. पन हा मानूस सारखा सुस्कारे टाकते. त्याले घरचे काही इचारत नाही का?"

मग रडक्या कादंबऱ्या. त्या मात्र तिनं मनापासून वाचल्या, डोळे सुजवून घेऊन वाचल्या. ते वर्षभर चाललं. मग एक दिवस म्हणाली, "बाई, या पोरी रडून रडून मरतात, पन जेवन झाल्यावर भांडे कोन घासते थे कुठीच लिहून नाही." त्या दिवसापासून तिचं रडणं थांबलं. मी खेड्यावरची एक गाजलेली कादंबरी दिली, म्हटलं, ही तुमचीच माणसं. ती वाचून म्हणाली, "यात पाटील सोडला तर गावात सगळे मूर्खच हायेत. लिवनारा पाटलाच्याच घरी उतरला असन." मी ती कादंबरी दोनदा वाचली होती आणि मला हे दिसलं नव्हतं. मी त्या रात्री तिसऱ्यांदा वाचायला घेतली. वच्छीचं खरं होतं.

आणि मग ती पुस्तकं अर्धी वाचून परत करू लागली. "हे नाही वाचत," एवढंच म्हणायची. आधी मला वाईट वाटलं. मग उमगलं, की जी मुलगी छापखान्याचा पत्ता सोडत नव्हती ती आता पुस्तक सोडायला शिकली आहे, आणि मी जे शिकवू बघत होते ते हिनं माझ्या मदतीवाचून कधीच गाठलं आहे.

वच्छीला अठरावं लागलं आणि घरात स्थळांची बोलणी सुरू झाली.

त्या वेळी मुलगी बघायला आले की तिला चालायला लावत, सुईत दोरा ओवायला लावत आणि काहीतरी वाचायला लावत. चालण्यानं पाय कळायचे, सुईनं डोळे आणि वाचण्यानं शाळा. पहिलं स्थळ मलकापूरकडचं आलं. पोहे झाले. बाजारातून शेव ज्यात बांधून आणली होती तो वर्तमानपत्राचा कागद मुलाच्या मामानं उचलला आणि म्हणाला, "वाच बेटा, चार ओळी."

त्या कागदावर नेमकी एक गोष्ट छापलेली. वच्छीनं चार ओळी वाचल्या, मग आठ वाचल्या. मामा "बस, बस" म्हणत होता ते तिच्या कानात शिरत नव्हतं. गोष्टीतला डॉक्टर बंद खोलीचं दार लोटतो, आणि तिथंच कागद फाटलेला. वच्छीनं कागद उलटा करून पाहिला. मग ती पाहुण्यांसमोरून उठली आणि पदर खोचत स्वयंपाकघरात गेली. "माय, शेवीचा बाकीचा कागद कुठी हाये?" असं विचारलेलं बाहेर स्पष्ट ऐकू आलं. डबे सरकवल्याचे आवाज आले. पाहुण्यांनी बराच वेळ वाट पाहिली. चार दिवसांनी निरोप आला, 'मुलगी चांगली आहे, पण तिचं लक्ष घरात राहणार नाही.'

ही गोष्ट पंचक्रोशीत पसरायला वेळ लागला नाही. पुढची दोन स्थळं दारापर्यंतही आली नाहीत. किसन हबकला. मग चिखलीचं स्थळ आलं. मुलगा भास्कर बाजार समितीत कारकून, घरी आईबाप, थोडी शेती. घराणं माझ्या माहेरच्या गावचं, म्हणून किसन चौकशीला माझ्याकडे आला. मी चांगलंच सांगितलं. वच्छी बापाच्या मागे दाराशी उभी होती. तिनं एकच विचारलं.

"चिखलीचं वाचनालय मोठं हाये ना बाई?"

"सात कपाटं आहेत."

वच्छीच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते नवऱ्या मुलाचा फोटो बघूनही उमटलं नव्हतं. सात कपाटं! तिनं मनातल्या मनात चिखलीशी लग्न लावून टाकलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून किसननं पुढे जे मागितलं त्याला ती तयार झाली, आणि मीही.

"बाई," किसन म्हणाला, "तुमीच हिले वाचाले शिकवलं. आता दोन दिवस अडखळाले शिकवा. जरा थांबत थांबत, घरंदाज पोरीवानी वाचलं पायजे. पुस्तकाचं याड दिसलं का हे बी स्थळ गेलं."

माझ्या नोकरीत मी पुष्कळ विद्यार्थिनींचं अडखळणं घालवलं. ते लावून देण्याचं काम हे एवढंच. दोन संध्याकाळी आम्ही दार लावून बसलो. जोडाक्षर आलं की थांब, लांब शब्दाचे दोन तुकडे कर, ओळीखाली बोट धर. वच्छीला ते जमेना. 'कर्तव्यपरायण' ती सपाट्यानं वाचून जायची, आणि मी डोळे वटारले की घाईघाईनं 'घर' या शब्दावर अडखळायची. आम्ही हसून हसून लोळत होतो, आणि मध्येच तिचा चेहरा उतरायचा. "बाई, तिथं गेल्यावर बी जन्मभर असंच वाचा लागन का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आधी जा तर.

बघायला आले त्या दिवशी किसननं मलाही बसवून घेतलं. भास्कर मान खाली घालून बसला होता. त्याचे वडील डोळे अधू झालेले, काठी मांडीवर आडवी धरून. सगळा कारभार आईच्या, सखुबाईंच्या हाती दिसत होता. चालणं झालं, सुई झाली. सखुबाईंनी पिशवीतून तांबड्या फडक्यात बांधलेली पोथी काढली आणि पाटावर ठेवली.

"वाच पोरी."

वच्छीनं नमस्कार केला, ओळीखाली बोट धरलं आणि अडखळली. काय सुरेख अडखळली! एवढ्या सरावात तसं एकदाही जमलं नव्हतं. जोडाक्षरं फुटली, ओळ चुकली, पुन्हा मागे गेली. किसनच्या चेहऱ्यावर समाधान दाटून आलं. मलाही, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

सखुबाईंनी मात्र पोथीवर हात ठेवला. "राहू दे," त्या म्हणाल्या आणि किसनकडे वळल्या. "तुमची पोरगी गुणाची आहे दादा, पण आमचं जमायचं नाही. आमच्या घरी रोज पोथी चालती. यांचे डोळे गेले तवापासून भास्कर वाचतो, तो असा वाचतो का म्हातारा अर्ध्यातच उठून जातो. मला सून पाहिजे ती वाचणारी. पाच पोरी पाहिल्या मी, पाचीच्या पाची अडखळल्या! या जिल्ह्यात शाळा हायेत का नाहीत?"

त्यांनी पोथी फडक्यात बांधायला घेतली. किसन तोंड उघडून नुसता बघत राहिला. आता 'हिला उत्तम वाचता येतं' म्हणावं तर आपण लबाड ठरतो, गप्प बसावं तर स्थळ जातं. मी बशीतल्या चहाकडे बघत बसले. मला सातही कपाटं एकेक करून बंद होताना दिसत होती.

"मले वाचता येते," वच्छी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"चांगलं वाचता येते. बाबानं सांगतलं होतं अडखळ म्हनून. ह्या बाईनं दोन दिवस शिकवलं."

आता सगळे माझ्याकडे बघू लागले. शाळेच्या तपासणीला साहेब आले तेव्हाही मला इतका घाम फुटला नव्हता.

वच्छीनं वाट पाहिली नाही. सखुबाईंच्या हातून पोथी ओढून घेतली, फडकं सोडलं आणि वाचू लागली. बोट नाही, थांबणं नाही. आवाज मोकळा, अर्थ कळून वाचणारा. वाड्यावस्त्यांवर भाजी विकताना तयार झालेला तो गळा. म्हाताऱ्यानं काठी बाजूला ठेवली. मग मांडी बदलली. मग डोळे मिटले. अध्याय संपला. म्हातारा मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "पुढं."

"पुढं लग्न झाल्यावर," सखुबाई म्हणाल्या, आणि एवढा वेळ मान खाली घातलेला भास्कर पहिल्यांदा वर बघून हसला. पोथीतून सुटल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

किसननं सुटकेचा निःश्वास टाकला असेल-नसेल, तोच वच्छी पुन्हा बोलली. "एक सांगतो. पोथी मी रोज वाचीन. पन पोथी झाली का दुसरं बी वाचीन. वाचनालयाचं. मंग कोनं नाही म्हनलेलं चालनार नाही." किसननं डोक्याला हात लावला. जुळलेलं स्थळ ही आता स्वतःच्या तोंडानं मोडणार.

सखुबाईंनी तिला खालून वर न्याहाळलं. "कसलं वाचतीस दुसरं?"

"आता सध्या प्रवासाचं. आधी खुनाचं वाचत होती."

"खुनाचं!" सखुबाईंनी गालावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "आधी पोथी. मग काय वाचायचं ते वाच."

त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. मी जरा धास्तावलेलीच होते. लग्नाआधी दिलेली वचनं चुलीच्या धुरात दिसेनाशी झालेली मी पुष्कळ पाहिली आहेत. माझ्या वर्गातल्या हुशार मुली दोन वर्षांनी भेटल्या तर 'बाई, पाटीवर सही तरी जमते का बघते' असं हसत म्हणायच्या, आणि मला रात्री झोप येत नसे. वच्छीचं पत्र एकदाच आलं, चार ओळींचं. खुशाली होती, पुस्तकांचं काही नव्हतं.

दीड-दोन वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी चिखलीला गेले होते. दुपारी तिच्या घरी निघाले. घर जवळ येत गेलं तशी माझी चाल मंदावत गेली. काय बघायला मिळेल याची खरोखर भीती वाटत होती.

दार उघडंच होतं. ओसरीवर खाटेवर सासरे पडले होते. सखुबाई पुढ्यात सुपात तूर घेऊन बसल्या होत्या, पण हात थांबलेले. पाळण्यात बाळ. पाळण्याची दोरी वच्छीनं पायाच्या अंगठ्यात अडकवलेली, आणि दोन्ही हातांत पुस्तक. ती मोठ्यानं वाचत होती. पोथी नक्कीच नव्हती, कारण कुणीतरी होडीत बसून कुठल्यातरी नदीच्या भोवऱ्यात सापडला होता.

माझ्या चपलेचा आवाज म्हाताऱ्यानं ऐकला. "कोण आहे? बसा," तो म्हणाला. "पण बोलू नका."

वच्छीनं मान वर केली. मला ओळखलं. तिचा चेहरा असा काही उजळला, की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दोन वर्षांची माझी काळजी त्या एका क्षणात वाहून गेली. मी 'वच्छे' म्हणणार, तेवढ्यात तिनं तळहात वर केला. थांबा बाई, एवढं पान होऊ द्या.

मी पायरीवर बसले. होडी गरगरत होती. पान संपत आलं, तशी मी भेटीला म्हणून आणलेली चिवड्याची पुडी सावरली, पदर नीट केला, आता ही उठेल, पाया पडेल, म्हणेल कधी आलात.

पान संपलं. वच्छीनं ते उलटलं आणि पुढचं वाचू लागली.